चारचा उजेड

यशा, तुझ्या तेराव्याला मी जेवले नाही. तुझ्या बायकोने, मीनाने आग्रह केला, तुझ्या मुलीने ताट समोर आणून ठेवलं, पण मी डोकं दुखतंय म्हणून निघून आले. डोकं दुखत नव्हतं. रागाने घास उतरत नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं हे मला कळतं, पण आपल्यात तसं काही ठरलेलं नव्हतं. पंचवीस वर्षं आपण एकत्र काम केलं, त्यातली सोळा कडाकडा भांडलो आणि उरलेली नऊ मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. तेव्हा आता ऐकून घे. या वेळी खाली चहाला पळून जायची सोय नाही तुला.

गणपती गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता तू गेलास. लोक म्हणाले, किती छान मरण, कसला त्रास नाही. मला ते मुळीच आवडलं नाही. तुला थोडा त्रास व्हायला हवा होता. निदान दोन दिवस हॉस्पिटलात पडायला हवं होतंस. मी आले असते, स्टूल ओढून बसले असते आणि नऊ वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला असता. खोपटच्या प्लॅनवर सही का केलीस? उत्तर न देता गेलास. याला मी पळपुटेपणा म्हणते.

तुला सगळं माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून थोडं मागे जाते. तू आणि मी दोघं आर्किटेक्ट. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर आपलं एका खोलीचं ऑफिस. दोन टेबलं आणि एकच खिडकी, तीही पश्चिमेची. मोठी कामं आपल्याकडे कधी आली नाहीत. आली ती चाळींची, दवाखान्यांची, दोन खोल्यांच्या चार करायची. पण आपल्या घरांमध्ये दिवसा दिवा लावावा लागत नाही, एवढं नाव मात्र होतं. ते नाव तुझं होतं, हेही लिहून टाकते. रागात असले तरी खोटं लिहायची नाही मी.

उजेड तपासायची तुझी रीत सगळ्या डोंबिवलीत ठाऊक होती. भिंती उभ्या राहिल्या, खिडक्यांची भोकं सुटली की तू त्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला साइटवर बोलवायचास. दुपारी बरोबर चार वाजता. प्रत्येक खोलीत मधोमध खुर्ची टाकून तिला बसवायचास आणि हातात सुईदोरा द्यायचास. तिने सुई ओवली की खोली पास. नाही ओवली तर गवंड्याला हाक. तुझी आई शिवणकाम करायची, चाळीतल्या दोन खोल्यांत उजेड सरकेल तशी तिची बसायची जागा सरकायची, त्यावरून तू हे शिकलास. घर कळायचं तर सुई ओवून बघ, असं ती म्हणायची म्हणे. तू हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचास आणि मी प्रत्येक वेळी मागे उभी राहून डोळे फिरवायचे.

पण कोपरचं ते पहिलं काम मी विसरलेली नाही. मालकाची आई सुईशी दहा मिनिटं झटत होती आणि तिला भोक सापडेना. मालक म्हणाला, जाऊ द्या हो साहेब, तिला मोतीबिंदू आहे. तू म्हणालास, "म्हणून तर तिला बोलावलं. तुम्हाला दिसणारच आहे." आणि त्याच दिवशी खिडकीवरची आडवी तुळई, लिंटेल, फोडून खिडकी हातभर वर चढवलीस. रुंद करून उपयोग नाही, उंच कर, उजेड वरून आला की आत लांब जातो, हे मी कॉलेजात आकृतीत शिकले होते, पण पटलं त्या दिवशी. आठवड्याने म्हातारीने पुन्हा सुई घेतली, तीन वेळा हुकली आणि चौथ्या वेळी ओवली. तू लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्यास. त्या दिवशी मला वाटलं होतं की या माणसाबरोबर जन्मभर काम करायला हरकत नाही.

पुढे मी उजेड मोजायचं यंत्र आणलं. हाताएवढं, खोलीत धरलं की आकडा दाखवणारं. तुला ते सवतीसारखं वाटलं. "याला सुई ओवता येते का?" असं विचारून तू ते माझ्या खणात ठेवून दिलंस. मी म्हणायचे, यशा, म्हाताऱ्या बायका सगळ्या सारख्या नसतात, आकडा सारखा असतो. तू म्हणायचास, नंदे, घरात आकडा राहायला येत नाही. मजेशीर भांडण होतं ते. चहाबरोबर रोज व्हायचं. चार वाजता खिडकीतून ऊन तुझ्या टेबलावर यायचं, तू पेन्सिल खाली ठेवायचास, म्हणायचास, "चला, चार वाजले," आणि आपण खाली टपरीवर जाऊन भांडायचो. तुला कधी घड्याळ लागलं नाही.

मग ठाण्याला खोपटचं काम आलं. एसटी डेपोच्या मागची दुमजली चाळ पाडून तिथे सात मजले. मागच्या खोल्यांना उजेड मिळावा म्हणून आपण मधे मोठा चौक सोडला होता, वर आभाळाला मोकळा. तो प्लॅन मी काढला होता आणि मला त्याचा अभिमान होता. बिल्डरने काम अर्ध्यावर आल्यावर सांगितलं की चौक कशाला, पाइपांपुरता अरुंद डक्ट पुरे, त्या जागेत प्रत्येक मजल्यावर एक खोली निघते. मी नाही म्हटलं. यंत्र घेऊन गेले, जिथे नवीन भिंत येणार तिथे प्लायवूड उभं करायला लावलं आणि मागच्या खोलीतला आकडा घेतला. तो आकडा इतका खाली होता की मला वाटलं सेल संपलाय. नवीन सेल घालून पुन्हा घेतला. तोच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तू गेलास. माझ्याशिवाय, सुई घेऊन, तिथल्या एका म्हाताऱ्या भाडेकरूला बोलावून. आणि येऊन बदललेल्या प्लॅनवर सही केलीस.

मी विचारलं, का? तू म्हणालास, "सुई ओवली गेली. पहिल्या झटक्यात." मी आकडा तुझ्यासमोर धरला. तू बघितलाससुद्धा नाहीस. त्या संध्याकाळी बिल्डरकडून मिठाईचा पुडा आला, महिन्याभरात त्याची आणखी दोन कामं आली, आणि मी तुला तो प्रश्न विचारला, जो कोणी कोणाला विचारू नये. "कितीला विकला गेलास?" तुला राग आला असता तर माझा विश्वास बसला असता. तू म्हणालास, "तुला तसं वाटत असेल तर तसं."

तेव्हा मी ऑफिस सोडून जायला हवं होतं. जागा दोघांच्या नावावर, कामं दोघांच्या नावावर, वेगळं होणं कटकटीचं होतं, अशी कारणं मी घरी सांगितली. खरं कारण असं की दूर गेले असते तर तुला शिक्षा कशी देणार होते? म्हणून मी राहिले. एका शनिवारी तू नव्हतास तेव्हा नकाशांचं लोखंडी कपाट दोन माणसांकडून हलवून घेतलं आणि तुझं टेबल व खिडकी यांच्या बरोबर मधे आणून ठेवलं. भिंतीला ओल येते, कागद खराब होतील, असं तुला सांगणार होते. तू विचारलंच नाहीस. सोमवारी आलास, कपाटाकडे बघितलंस, खिडकीच्या बाजूला बघितलंस, आणि टेबलावर दिवा लावून कामाला बसलास.

नऊ वर्षं, यशा. दुसऱ्यांच्या घरात उजेड पोचवणाऱ्या माणसाला मी नऊ वर्षं भरदुपारी दिव्याखाली बसवलं. खोपटच्या लोकांना जसं बसवलंस तसाच तूही बस, असा माझा हिशोब होता. मला त्याचं समाधान होतं, हेही सांगते. दुपारी ऊन यायचं, कपाटाच्या पाठीवर आपटायचं, आणि मला बरं वाटायचं.

पलीकडून तू विचारायचास, "नंदा, चार वाजले का गं?"

मी म्हणायचे, "घड्याळ बघ."

रोज. एकही दिवस चुकला नाही. न तू विचारायला चुकलास, न मी तोडायला.

आणि दर वर्षी दसरा झाला की तुझ्या चपलांवर पांढरे ठिपके दिसायचे. पँटच्या मोहरीवरसुद्धा. एकदा मी म्हटलं, "नवीन घराला रंग काढलास वाटतं. बिल्डरने दिलं का?" तू म्हणालास, "हो, काढलाय रंग." मी ते पुराव्यात जमा केलं. सात वर्षं ठिपके मोजले. तुझं घर तेच होतं, जुनं, बारा पायऱ्या चढून जायचं, आणि त्याच्या भिंतींचे पोपडे मी तेराव्याला बघितले. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही माझ्या. इतकं पक्कं ठरवलं होतं मी तुला चोर.

तुझी शोकसभा रविवारी होती. मीनाने फोन केला, "नंदाताई, तुम्ही बोलाल ना? तुमच्याशिवाय कोण बोलणार?" मी हो म्हटलं. कशासाठी हो म्हटलं ते तिला माहीत नव्हतं. मी ठरवलं होतं की सगळे तुझे गोडवे गाऊन झाले की उठायचं, खोपटचा आकडा वाचायचा आणि सांगायचं की उजेडाचं नाव घेणाऱ्या या माणसाने अठ्ठावीस घरांच्या मागच्या खोल्या अंधारात घातल्या. मेलेल्या माणसाबद्दल? हो, मेलेल्या माणसाबद्दलच. जिवंत होतास तेव्हा तू कपाटामागे गप्प बसून माझी सगळी हत्यारं बोथट केली होतीस. आता तोंड लपवायला तू नव्हतास.

साक्षीदार हवा होता. म्हणून शनिवारी दुपारी मी खोपटला गेले. तू ज्या बाईच्या हातात सुई दिली होतीस तिचं नाव जुन्या फाइलमध्ये होतं. कौशल्याबाई, दुसरा मजला, मागची खोली. तुझ्या खणातून सुयांची पुडीही घेतली. तुझ्याच सुईने तुला खोटं पाडणार होते.

चार वाजत आले होते. बाहेर डोळे दिपतील असं ऊन, आणि त्या खोलीत ट्यूब जळत होती. कौशल्याबाई कॉटवर बसून साडीला फॉल लावत होती. ऐंशीची असेल, वाळलेली, ताठ. मी कोण ते सांगितलं, तिने चहा टाकायला सुनेला हाक मारली. तू गेल्याचं मी मुद्दाम सांगितलं नाही. आधी अंधाराची साक्ष घ्यायची, मग सांगायचं, असा माझा बेत होता. मी ट्यूब बंद केली. खोली विहिरीत पडल्यासारखी झाली. मी पुडीतली सुई आणि दोरा तिच्या हातात दिला.

"आजी, ही ओवून दाखवा बघू."

तिने दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं, नखाने चपटं केलं, सुई अंगठ्याशी फिरवली आणि ओवली. सगळा वेळ ती माझ्याकडे बघत होती.

"दिसली तुम्हाला?" मी विचारलं.

"दिसायला कशाला हवी? बोटाला कळतं."

"कधीपासून?"

"दिवा गावाला भाड्याने होतो ना आम्ही चार वर्षं, ही बिल्डिंग होईपर्यंत. तिथे खिडकी उघडली की बाजूच्या बिल्डिंगची भिंत. हात बाहेर काढला तर भिंतीला लागायचा. लाईट पण सारखी जायची. फॉलची कामं घ्यायचे, ती काय लाईटसाठी थांबतायत? शिकली बोटं."

मी ट्यूब पुन्हा लावली. "मग त्या दिवशी साहेबांना का नाही सांगितलंत? ते खोली तपासत होते ना!"

"मला काय ठाऊक खोली तपासतायत!" म्हातारी हसली. "मला वाटलं माझीच परीक्षा घेतायत. म्हातारीला दिसतंय का बघतायत. नाही ओवली तर म्हणतील, हिला दिसत नाय, हिची सही कशी चालेल, रूम पोराच्या नावावर करा. मी घाबरलेली. झटकन ओवून दिली. साहेब एवढे खूश झाले की माझ्या पाया पडले."

सून चहा घेऊन आली. मी कप हातात धरून बसले.

"त्यांना कळलं का हे नंतर?"

"कळलं ना. आम्ही राहायला आल्यावर वर्षभराने आलेले, असेच दुपारचे. लाईट गेलेली. मी काळोखात सुई ओवत होते, ते दारात उभे. म्हणाले, आजी, हे कसं? मी सांगितलं सगळं. तर खालीच बसले, इथे, लादीवर. पाणी दिलं तर पिईनात. मीच म्हटलं, साहेब, राहू द्या, पाण्याची बोंब नाय, घर आपलं आहे, दिव्यापेक्षा बरंच आहे. तर रडायला लागले."

सून म्हणाली, "तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी येतात ना साहेब. एक माणूस, दोन बादल्या. डक्टच्या भिंती पावसात काळ्या होतात, त्या वरपासून खालपर्यंत पांढऱ्या करून घेतात. स्वतः पण उतरतात दोर बांधून. ह्या वयात! मग तीन-चार महिने बरं जातं. दुपारी भाजी निवडता येते लाईटशिवाय. डक्टच्या तोंडावर बिल्डरने पत्रा टाकलाय, तो काढा म्हणून साहेब सांगून सांगून थकले. तो म्हणतो, पुढच्या महिन्यात."

कौशल्याबाईने सुई माझ्या हातात परत दिली. "यंदा कधी येणार साहेब? दसरा जवळ आला."

तेव्हा मी तिला सांगितलं. अर्धा फॉल लावलेली साडी तिने घडी करून बाजूला ठेवली.

खोपटहून डोंबिवलीला कशी आले ते आठवत नाही. एवढंच आठवतं की मी तुला शिव्या देत होते, आणि पहिल्यापेक्षा जास्त देत होते. तुला वाटत असेल, खरं कळल्यावर नंदा विरघळली. नाही विरघळले. अरे, सात वर्षं तुला माहीत होतं! माझा आकडा बरोबर होता, सुई चुकली होती, हे सात वर्षं माहीत असून तू कपाटामागे बसून राहिलास. चोर म्हणवून घेणं तुला चाललं, पण "नंदा, मी चुकलो" हे तीन शब्द जड झाले? सुई खोटी ठरली तर आई खोटी ठरते, कोपरची ती खिडकी खोटी ठरते, असं वाटलं का तुला? वेड्या, कोपरच्या म्हातारीला मोतीबिंदू होता म्हणून ती सुई खरी होती. खोपटच्या म्हातारीला दिवा भोगावा लागला म्हणून ती चुकली. रीत वाईट नव्हती, तिच्या जोडीला माझं यंत्र हवं होतं, एवढंच. चहाच्या एका कपात मिटलं असतं.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा, सांगू? कपाट. तू ते हलवलं नाहीस, कारण तुला तो अंधार हवाच होता. कौशल्याबाई अंधारात तर मीही अंधारात, असं ठरवून बसलास. मी नऊ वर्षं खपून सूड घेतला आणि तू त्याचं प्रायश्चित्त करून टाकलंस. माझा सूडसुद्धा मला धड घेऊ दिला नाहीस, यशा.

म्हणून रविवारी नव्याने घेतला.

सभेला बिल्डर आला होता, पहिल्या रांगेत, पांढऱ्या सफारीत. माझ्या आधी तोच बोलला. यशवंतरावांनी आम्हाला उजेड दिला वगैरे. मी उभी राहिले. खिशातला आकड्याचा कागद काढला नाही. मी म्हटलं, "यशवंत चुकला होता." मीनाने मान वर केली. मी सगळं सांगितलं, सुईची रीत, दिव्याची खोली, कौशल्याबाईची भीती, तुझी सही. जे तू सात वर्षं मला सांगू शकला नाहीस ते मी दीडशे माणसांना सांगितलं. तुझ्या फोटोकडे बघून सांगितलं. फार बरं वाटलं.

मग मी पहिल्या रांगेकडे वळले. "पण शेठ, तुम्ही चुकला नव्हतात. तुम्हाला माहीत होतं." तो मोबाइल बघायला लागला. मी म्हटलं, "डक्टवरचा पत्रा काढून तिथे उजेड येईल असा, वर उचललेला पत्रा कधी टाकताय?"

"बघू ना मॅडम, सोसायटीशी बोलतो."

"सोसायटी तुमच्या मागच्याच रांगेत बसलीय."

बसलीच होती. कौशल्याबाई, मुलगा, सून आणि मजल्यावरची सहा-सात माणसं खोपटहून आली होती. साक्ष द्यायला नाही, तुझ्यासाठी. शोकसभेत हार घातलेल्या फोटोसमोर कोणाला नाही म्हणता येत नाही. तो म्हणाला, दिवाळीच्या आधी. मी त्याच्याकडून तारीख वदवून घेतली आणि मगच खाली बसले. मंगळवारी त्याची माणसं येऊन माप घेऊन गेली. भिंती पांढऱ्या करायचं काम मी तुझ्याच माणसाला सांगितलंय. दोर बांधून मी उतरणार नाही, तेवढी वेडी नाही. पण वर उभी राहून बघणार आहे.

कपाटाचं मात्र सभेत बोलले नाही. तुझी चूक दीडशे माणसांत सांगायला धीर झाला, माझी सांगायला झाला नाही. ती इथे लिहितेय.

सभा संपल्यावर मीना माझा हात धरून बाहेर आली. मला वाटलं, आता ही मला बोलणार. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. रोज सकाळी निघताना म्हणायचे, आज नंदाला सांगतो. चहाच्या वेळी सांगतो."

"मग?"

"संध्याकाळी आले की मी विचारायचे, सांगितलंत का? म्हणायचे, नाही गं. आज पण ती घड्याळ बघ म्हणाली."

मी रस्त्यात उभी राहिले. मीना रिक्षा शोधत राहिली.

आज बुधवार. खालच्या झेरॉक्सवाल्याला आणि वॉचमनला वर बोलावून मी कपाट हलवलं. जागचं सुटताना त्याने भयंकर आवाज केला. फरशीवर गंजाचे चार डाग राहिलेत, घासले तरी जात नाहीत. तुझं टेबल मी पुसलं नाही. पट्टी, पेन्सिली, तो टेबललॅम्प, सगळं तसंच आहे. दुपारभर मी माझ्या जागेवर बसून काम करत होते आणि काम होत नव्हतं. मग ऊन खिडकीच्या चौकटीतून उतरलं, फरशीवरचे डाग ओलांडून तुझ्या खुर्चीच्या पायाशी आलं आणि हळूहळू टेबलावर चढलं. मी घड्याळ बघितलं नाही.

यशा, चार वाजले.